'जे फॉर जळगाव' म्हणणाऱ्यांसाठी

'ए फॉर ॲपल' कुणाला समजावून सांगायला नको. पहिलीच्या पोराला अक्षर ओळखता यावं म्हणून अंकलिपीत ते चित्र असतं, आणि त्या कामाला ते झकास आहे. घोटाळा होतो तो हीच अंकलिपी फोनवर गाडीनंबर सांगायला काढली की. वर ऐकवतात, "तुमचं अल्फा-ब्राव्हो म्हणजे तेच की, जरा फॅशनमध्ये." तेच नाही. अल्फा-ब्राव्हो ही वैमानिक आणि रेडिओवर बोलणारे इंग्रजी अक्षरं सांगायला वापरतात ती ठरलेली यादी: ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो.

मी सावद्याला केळीच्या गाड्या लावून देतो. दिवसभर कानाला फोन आणि तोंडात 'एमएच एकोणीस'. एकदा ड्रायव्हरने सांगितलं, "बी फॉर भुसावळ, जे फॉर जळगाव." मागे हॉर्न वाजत होते. मला 'जे'चा 'जी' ऐकू आला, आणि जळगावही त्याला बसलं. बिल्टीवर बीजी, पाटीवर बीजे. पलीकडच्या मुनिमाने गाडी उतरवायला नकार दिला आणि केळी अर्धा दिवस उन्हात राहिली. जळगाव 'जे'ने लिहितात हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण घाईत कान 'ज' ऐकतो, स्पेलिंग ऐकत नाही.

खरी मेख इथेच आहे. अंकलिपीतला शब्द अक्षराकडे नुसतं बोट दाखवतो. ऐकणाऱ्याने तो शब्द ऐकायचा, मनात इंग्रजीत लिहायचा, मग पहिलं अक्षर उचलायचं. वरणगाव आणि वर्धा, दोन्ही आपल्याला 'व'च. पण एकाला व्ही, दुसऱ्याला डब्ल्यू. अल्फा-ब्राव्होत ही कसरतच नाही. तिथे 'व्हिक्टर' हे व्हीचं नाव, 'व्हिस्की' हे डब्ल्यूचं. दोन्हींची सुरुवात मराठी कानाला सारखी लागली तरी बिघडत नाही, कारण यादी ठरलेली आहे. क्वेबेक म्हणजे क्यू, किलो म्हणजे के. स्पेलिंग येत नसलं तरी चालतं. म्हणूनच 'जे फॉर ज्युलिएट' म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. नुसतं 'ज्युलिएट' म्हणा ना! चुकीचा ऐकू जातो तो तुमचा 'जे'च.

शिवाय हे शब्द सुचले तसे घेतलेले नाहीत, एकमेकांशी भिडवून पाहिलेत. 1951 च्या विमानवाहतुकीच्या यादीत एनला 'नेक्टर' होतं आणि एक्सला 'एक्स्ट्रा'. नेक्टर व्हिक्टरसारखं ऐकू यायचं, एक्स्ट्रा आणि डेल्टाचीही गल्लत व्हायची. निरनिराळ्या देशांच्या लोकांवर चाचण्या झाल्या, पाच शब्द बदलले, आणि 1 मार्च 1956 पासून आजची यादी लागू झाली. आमच्या भुसावळची कुणी अशी परीक्षा घेतलीय?

गावांच्या नावांना माझी हरकत नाही. जर्मनांनी 2022 मध्ये गावांचीच यादी काढली: आखेन, बर्लिन, कॉटबुस. पण ती सगळ्यांसाठी एक आहे. आपल्याकडे पी कधी पुणे, कधी पाचोरा, कधी पपई.

या यादीला नाटोची म्हणा (ती लष्करी आघाडी) की आयकाओची म्हणा (ती विमानवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना), यादी एकच. तिला 'फोनेटिक' म्हणतात म्हणून उच्चार लिहायची भाषाशास्त्राची लिपी समजू नका, ती वेगळी. आणि फोनवर बँकेच्या शाखेचा कोड, म्हणजे आयएफएससी, सांगताना त्यातलं पाचवं अक्षर शून्य असतं, 'ओ' नाही, हेही एकदाचं डोक्यात घाला.

मराठी अक्षर सांगताना मात्र मी अंकलिपीच्या बाजूचा. तिथे स्पेलिंगची भानगड नाही. 'ण बाणातला', 'पोटफोड्या ष' म्हटलं की काम होतं. फक्त आमच्या भागात केळीची 'केयी' होते. परवा एक आप्पा फोनवर आडनाव सांगत होते. मी विचारलं, "आप्पा, ळ का य?"

"अरे, केयीतला!"