डेटा सेंटरमधील कमी विजेचे प्रकाशीय दुवे

डेटा सेंटरमधील सर्व्हर, स्विच (माहिती योग्य यंत्राकडे वळवणाऱ्या पेट्या) आणि साठवणयंत्रे यांच्यात प्रकाशाच्या रूपाने माहिती नेणारी आणि त्यासाठी बिटमागे शक्य तितकी कमी वीज घेणारी जोडणी. अशा दुव्यात लेसर, त्याच्या प्रकाशावर संदेश चढवणारा मॉड्युलेटर, काचेचा तंतू आणि पलीकडे प्रकाशाचा पुन्हा विद्युत संकेत करणारा फोटोडायोड हे मुख्य घटक असतात. विजेचा हिशेब पिकोज्यूल प्रति बिट या एककात मांडतात. पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा लाख कोटीवा भाग. हे माप हिशेबाला फार सोपे आहे: सेकंदाला १ टेराबिट, म्हणजे लाख कोटी बिट, नेताना बिटमागे १ पिकोज्यूल लागत असेल, तर दुवा बरोबर १ वॅट खातो.

वीज खाणारी जागा काचेचा तंतू नव्हे. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला तंतूत किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबेल घट होते. म्हणजे ५०० मीटर गेल्यावरही शंभरातला शहाण्णव भाग प्रकाश शिल्लक असतो. खरा खर्च होतो तो दोन्ही टोकांना, आणि तिथेही प्रकाशापेक्षा तांब्यापायी. स्विचची मुख्य चिप पेटीच्या मधोमध असते आणि प्रकाशीय मॉड्यूल, म्हणजे लेसर, मॉड्युलेटर आणि फोटोडायोड सामावणारे काढ-घाल करता येणारे भाग, पुढच्या बाजूच्या खाचांत बसवलेले असतात. मधले वीतभर अंतर संकेत सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांतून कापतो. वारंवारता वाढली की प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच वाहू लागतो, रोध वाढतो आणि संकेताचा आकार बिघडतो. तो पूर्ववत करण्यासाठी मॉड्यूलमध्ये डीएसपी नावाची चिप घालावी लागते, आणि मॉड्यूलची साधारण निम्मी वीज तीच घेते.

सेकंदाला ५१.२ टेराबिट हाताळणाऱ्या स्विचला ८०० गिगाबिटच्या ६४ खाचा असतात. एका मॉड्यूलला १५ वॅट धरले तरी सगळे मिळून ९६० वॅट होतात. ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती हटवायला पंखे व वातानुकूलन पुन्हा वेगळी वीज घेतात. नुकतेच उपसलेले मॉड्यूल हाताला चांगलेच गरम लागते. शिवाय माहिती जात असो वा नसो, लेसर आणि डीएसपी चालूच राहतात. मोकळ्या दुव्याची ही वीज वाचवण्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे म्हणावेसे वाटते.

यावर पहिला उपाय म्हणजे मॉड्यूलमधली डीएसपी चिप काढून टाकणे आणि संकेत सुधारण्याचे काम स्विचच्या चिपवरच सोपवणे. यात वीज लक्षणीय वाचते. मात्र चिप, बोर्ड आणि मॉड्यूल यांचा मेळ नीट बसावा लागतो. दुसरा उपाय अधिक मूलगामी आहे: वीतभर तांबेच वगळून प्रकाशीय भाग स्विचच्या चिपशेजारी, त्याच आवरणात बसवायचा. एनव्हिडिया या चिप कंपनीने मार्च २०२५मध्ये असे स्विच जाहीर केले. विजेची कार्यक्षमता ३.५ पट असल्याचा कंपनीचा दावा आहे.

सिलिकॉनमधून प्रकाश नेता येतो, वळवता येतो, पण सिलिकॉन स्वतः धड प्रकाश देत नाही. म्हणून लेसर इंडियम फॉस्फाइडसारख्या पदार्थाचा करावा लागतो आणि तो उष्णतेने लवकर खराब होतो. धगधगत्या चिपशेजारी त्याला ठेवणे परवडत नाही. त्यामुळे लेसर पुन्हा पुढच्या खाचेतच ठेवतात आणि तंतूने त्याचा प्रकाश आत पोचवतात. दुरुस्तीच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे: बिघडलेले साधे मॉड्यूल मिनिटभरात बदलता येते, चिपला चिकटलेला भाग तसा बदलता येत नाही.

एक-दोन मीटरच्या अंतरात मात्र तांबे अजून टिकून आहे. एनव्हिडियाच्या २०२४च्या एनव्हीएल७२ या रॅकमध्ये ७२ जीपीयू (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) पाच हजारांहून अधिक तांब्याच्या केबलींनी जोडलेले आहेत. तिथे प्रकाशीय मॉड्यूल वापरली असती तर त्यांनाच २० किलोवॅट लागले असते, असे कंपनीने सांगितले. याच्या उलट टोकाला गुगलचे आरशांचे स्विच आहेत. त्यांत बारीक आरसे हलवून प्रकाश थेट एका तंतूतून दुसऱ्यात सोडतात. वाटेत प्रकाशाचे विजेत रूपांतरच होत नसल्याने वेग वाढला तरी हे स्विच बदलावे लागत नाहीत.

ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यामुळे मुंबई परिसर भारतातील डेटा सेंटरांचे सर्वांत मोठे केंद्र झाला आहे. दोन इमारतींतले अंतर दहा-वीस किलोमीटरांच्या पुढे गेले की प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याची कला (फेज, म्हणजे लहरीची स्थिती) आणि ध्रुवणही (लहरीच्या कंपनाची दिशा) वापरणारे कोहेरंट दुवे सहसा वापरतात, आणि त्यांची डीएसपी आणखी खादाड असते. हेच काम अंकीय चिपऐवजी ॲनालॉग परिपथांकडून कमी विजेत करून घेण्यावर आयआयटी मुंबईत संशोधन झाले आहे.