केंद्रकावरण ‘नाहीसे होते’ म्हणजे जाते कुठे?

सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन होण्याच्या, पूर्वावस्थेत केंद्रकाभोवतीचे केंद्रकावरण नाहीसे होऊ लागते आणि अंत्यावस्थेत पुन्हा तयार होते, हे आपण शाळेतच पाठ केलेले असते. त्यातला ‘नाहीसे’ हा शब्द प्रकाश सूक्ष्मदर्शकाच्या काळातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेशी रंगवून पाहणाऱ्यांना गुणसूत्रे ठळक दिसत, आवरणाची कड मात्र पुसट होत दिसेनाशी होई. तेव्हा तो शब्द योग्यच होता.

1950च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले, की हे आवरण दुहेरी पटलांचे आहे, त्यात छिद्रे आहेत आणि बाहेरचे पटल आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पेशीभर पसरलेल्या पटलांच्या जाळ्याशी, सलग आहे. ही सलगता पुढच्या वादात फार मोलाची ठरली, म्हणून ती लक्षात ठेवावी.

1980मध्ये आवरणाच्या आतल्या अस्तराचा उलगडा झाला. लॅमिन प्रथिनांची ही जाळी विभाजनात फॉस्फेट चिकटल्यावर सुटी होते आणि फॉस्फेट निघाल्यावर पुन्हा विणली जाते. पेशीला विभाजनात ढकलणारे विकरच हे काम करते, असे 1990मध्ये दिसले. फॉस्फेट चिकटण्याच्या जागा बदललेले लॅमिन पेशीत घातले, तर जाळी सुटतच नव्हती.

जाळीचे कोडे सुटले, पटलाचे मात्र अडून राहिले. त्याचे बारीक पुटकुळ्यांमध्ये, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांमध्ये, तुकडे होतात, असे बरीच वर्षे मानले जाई. या मताला बळ मिळाले ते बेडकाच्या अंड्यांच्या अर्कामुळे. 1983पासून अशा अर्कात, पेशीबाहेर, केंद्रक घडवता येऊ लागले आणि तिथे आवरण पुटकुळ्या जुळूनच बनत होते. प्रयोग सुंदर होता, यात वाद नाही. पण अर्क काढायचा म्हणजे अंडी चिरडायची, आणि चिरडल्यावर आंतर्द्रव्यजालिकेच्याही पुटकुळ्याच होतात. मग जे दिसले ते विभाजनाचे काम की चिरडण्याचे? हा प्रश्न जितक्या जोराने विचारायला हवा होता, तितका विचारला गेला नाही, असे मला वाटते.

1997मध्ये आवरणातल्या एका प्रथिनाला हिरवे चमकणारे प्रथिन जोडून जिवंत पेशी पाहिल्या गेल्या. विभाजनाच्या वेळी ती चमक सुट्या ठिपक्यांत विखुरली नाही, ती आंतर्द्रव्यजालिकेत पसरली. आवरण फुटून संपत नव्हते, ज्या जाळ्याचा ते भाग होते त्यातच मिसळत होते. प्राण्यांच्या पेशींपुरता तरी ‘विलीन होते’ हा शब्द मला ‘नाहीसे होते’पेक्षा कितीतरी अचूक वाटतो.

त्यानंतरची भर झपाट्याने पडली. 2002मध्ये दिसले, की सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या बारीक नळ्या, डायनिन या प्रथिनाच्या मदतीने आवरण ओढतात आणि ताण पडून ते फाटते. 2015मध्ये उलट बाजू कळली: नव्या आवरणातली उरलेली भोके बुजवायला पेशी ईएससीआरटी-तीन हा प्रथिनसंच वापरते. विषाणूंना पेशीतून सुटून बाहेर पडायला मदत करणारा संच म्हणून तो आधीच माहीत होता.

हे झाले प्राण्यांच्या पेशींचे. यीस्टमध्ये तर आवरण मोडतच नाही, गुणसूत्रे वेगळी करणारे तुर्कतंतू केंद्रकाच्या आतच तयार होतात. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत आवरण टिकते, पण छिद्रांमधली काही प्रथिने तात्पुरती सुटतात आणि तुर्कतंतूंचे साहित्य त्या वाटेने आत शिरते.