दार्तान्यां कादंबऱ्यांमधली गोष्ट सांगायची पद्धत

अलेक्झांडर द्युमा या फ्रेंच लेखकाच्या तीन कादंबऱ्या मिळून दार्तान्यां या तरुण तलवारबाजाची ही मालिका होते: थ्री मस्केटिअर्स (मस्केटिअर म्हणजे राजाचा बंदूकधारी शिपाई; 1844), ट्वेंटी इयर्स आफ्टर (1845) आणि व्हिकोम्त द ब्राझलोन (1847 ते 1850). ऑग्युस्त माके हा लेखनातला भागीदार, पण पुस्तकावर नाव एकट्या द्युमाचंच लागलं.

पहिली कादंबरी पॅरिसच्या ल सिएक्ल या पेपरात रोज थोडी थोडी छापून यायची आणि हिच्या बहुतेक खुब्या तिथूनच आल्यात, कारण वाचकाने उद्याचा अंक घेतलाच पाहिजे म्हणून प्रकरण ऐन रंगात येऊन थांबतं, आणि पैसे ओळींवर मिळत असल्यामुळे एकेका शब्दाचे सवाल-जवाब पानभर चालतात (पण वाचताना मजा येते हे खरंच).

सुरुवात बारीकशा अपमानाने होते. 1625 च्या एप्रिलमध्ये मंग गावात कोणीतरी दार्तान्यांच्या पिवळ्या घोड्याला हसतं, तो तलवार उपसतो, आणि मग त्या माणसाचा पाठलाग पूर्ण पुस्तकभर चालू राहतो. पॅरिसला पोचल्यावर तीन मस्केटिअर्सशी गाठ पडते: अॅथॉसच्या दुखऱ्या खांद्याला धडक, पोर्थॉसच्या पट्ट्याची पोल उघडी पडणं, अॅरॅमिसचा रुमाल, अशा फालतू कारणांवरून एकाच दिवसात तीन द्वंद्वं ठरतात, आणि पहिलं सुरू होतंय तोवर कार्डिनलचे (म्हणजे राजाचा बलाढ्य मंत्री रिशेल्यूचे) शिपाई टपकतात आणि भांडणारेच जिवलग दोस्त होतात. ला रोशेल या बंडखोर शहराचा वेढा, इंग्लंडचा मंत्री बकिंगहॅमचा खून, सगळीकडे एकच ट्रिक: इतिहासातली मोठी घटना खरी, पण तिच्यामागचं कारण खाजगी, प्रेमाचं नाहीतर सुडाचं. प्रस्तावनेत तर द्युमा सांगतो की हे जुन्या हस्तलिखितातून मिळालंय. ते हस्तलिखित काल्पनिक, पण दार्तान्यां नावाचा माणूस खरा होता, तो 1673 मध्ये मास्ट्रिख्टच्या लढाईत मारला गेला आणि 1700 मध्ये कुर्तिल द सांद्राने त्याच्या नावाने बनावट आठवणी छापल्या, द्युमाने बरंच तिथून उचललंय.

माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हिरोंना म्हातारं होऊ देणं. दुसऱ्या पुस्तकात वीस वर्षं उलटलीयेत, दार्तान्यां आणि पोर्थॉस रिशेल्यूनंतरचा मंत्री माझारँच्या बाजूला, बाकीचे दोघं बंडखोरांकडे, आणि पॅरिसच्या प्लास रोयाल चौकात भेट होते तेव्हा चौघं एकमेकांवर तलवारी उगारायच्या बेतात असतात, तेवढ्यात अॅथॉस स्वतःची तलवार गुडघ्यावर मोडतो. व्हिलनगिरीही पुढच्या पिढीकडे जाते, पहिल्या पुस्तकातली खलनायिका मिलेडी हिचा मुलगा मॉर्डंट आईचा सूड घ्यायला येतो. असं नुसत्या मारामारीच्या पुस्तकात सापडत नाही.

तिसरा भाग प्रचंड लांब, दरबारी प्रेमप्रकरणांत मध्येमध्ये रेंगाळतोच, पण शेवटाकडे पोर्थॉस, अॅथॉस, दार्तान्यां एकेक करून जातात आणि कारस्थानी अॅरॅमिस तेवढा मागे उरतो. याचाच शेवटचा तुकडा मॅन इन द आयर्न मास्क म्हणून वेगळा विकतात, तेवढाच आधी वाचला तर या मरणांचं वजन कळतच नाही, म्हणून क्रमानेच वाचावं.