तीन अक्षरांची मुदत

एकाच शब्दाचे इतके अर्थ लक्षात तरी कसे ठेवायचे? इंग्रजी शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी असं वैतागतो. वैताग रास्तच आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी 'रन' या साध्या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली, तेव्हा अर्थ भरले 645. माणूस धावतो तेही रन, नळ वाहतो तेही रन, निवडणुकीला उभं राहणं रन आणि धुताना कपड्याचा रंग जाणं हेही रनच.

पण 'ही भाषाच विचित्र' म्हणण्याआधी आपलं 'लागणे' आठवून पाहा. झोप लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, निकाल लागतो, शिवाय कोणी तरी आपला मामा लागतो. यादी कधी पाठ केली होती? भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी 1945 मध्ये दाखवलं, की शब्द जितका जास्त वापरात तितके त्याचे अर्थ जास्त. ढोबळ हिशेब असा: शंभरपट वापर, तर दहापट अर्थ.

खरी गंमत पुढे आहे. ऐकता ऐकता नेमका अर्थ निवडला कसा जातो? आपल्याला वाटतं, संदर्भ बाकीच्या अर्थांना दारातच अडवत असेल. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी 1979 मध्ये हेच तपासलं. कानावर एक वाक्य पडतं: खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग्ज' सापडले. बग म्हणजे किडा. चोरून बोलणं ऐकायला लपवलेलं यंत्र, तेही बगच. 'बग्ज' ऐकू येताक्षणी पडद्यावर 'मुंगी', 'हेर' किंवा 'शिवणे' यांपैकी एक शब्द इंग्रजीत उमटतो. हा खरा शब्द आहे की नुसतीच जुळवलेली अक्षरं, एवढंच बटण दाबून सांगायचं. मनात जो अर्थ जागा असेल, त्याच्या नात्यातला शब्द लवकर ओळखला जातो. मुंगी चटकन ओळखली गेली; झुरळांचा विषय चालूच होता. पण हेरही चटकन ओळखला गेला! मागे राहिलं ते फक्त दोन्हींशी संबंध नसलेलं 'शिवणे'. म्हणजे झुरळांचा स्पष्ट उल्लेख असूनही हेरगिरीचा अर्थ आत जागा झाला होता.

मग पडद्यावरचा शब्द तीन अक्षरं उशिरा, म्हणजे वाक्यातले पुढचे तीन उच्चार कानावर पडून गेल्यावर दाखवला. आता मुंगीचा फायदा टिकला, हेर मात्र 'शिवणे'च्या पंगतीला जाऊन बसला. नको तो अर्थ जागा होऊन पुन्हा झोपीही गेला, आणि ऐकणाऱ्याला पत्ता नाही.

इथे एक पोटकलम आहे. सगळे अर्थ सारख्या जोराचे नसतात. वाचणाऱ्याची नजर कुठे किती थबकते हे मोजलं, तर दोन्ही अर्थ तुल्यबळ असताना आधीचा संदर्भ तिढा लगेच सोडवतो. एक अर्थ नेहमीचा, दुसरा दुर्मीळ आणि संदर्भ दुर्मिळाच्या बाजूचा असेल, तर मात्र नजर रेंगाळते. संदर्भ दुर्मिळाला पुढे ढकलतो, पण नेहमीच्याला मागे खेचू शकत नाही. दोघं एकदमच पोचतात आणि झटापट होते.

शिवाय अनेक अर्थ असणं दर वेळी ओझंच असतं असंही नाही. वटवाघळाची 'बॅट' आणि खेळायची 'बॅट' हे वेगवेगळ्या मुळांचे दोन शब्द योगायोगाने एकसारखे झालेत; 'रन'चे अर्थ एकाच खोडाच्या फांद्या. मानसशास्त्रज्ञ जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांना 2002 मध्ये आढळलं, की एकमेकांशी संबंध नसलेले अर्थ शब्द ओळखायला उशीर लावतात, तर नात्यातले अर्थ उलट वेग देतात. महिन्याभरात इंग्रजीवर प्रभुत्व देणाऱ्या जाहिरातबाज याद्यांत मात्र दोन्ही प्रकार एक, दोन, तीन असे आकडे घालून सरसकट घोकायला दिलेले असतात.