'दिसतंय' या उत्तरावरचा भरवसा

वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ, पोटोमॅक नदीवर, २९ जानेवारी २०२५ च्या रात्री उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं. ६७ जण गेले. टकरीच्या काही क्षण आधी हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरनं हेलिकॉप्टरला विचारलं होतं, विमान दिसतंय का? दिसतंय, असं उत्तर आलं. या उत्तरासरशी अंतर राखायची जबाबदारी वैमानिकाच्या डोळ्यांवर जाते.

डोळ्यांवरचा हा भरवसा फार जुना आहे. ७ एप्रिल १९२२ ला उत्तर फ्रान्समध्ये दोन प्रवासी विमानं समोरासमोर धडकली, तेव्हा खालचा रस्ता बघत विमान नेण्याचे दिवस होते. धुक्यात दोघंही एकाच रस्त्यावरून उलट दिशांनी येत होते. अमेरिकेतही १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन विमानं आदळून १२८ माणसं गेली, तेव्हा कुठे साऱ्या आकाशावर एका यंत्रणेची देखरेख असावी म्हणून १९५८ चा कायदा आला.

पण डोळे का फसतात, हे सॅन डिएगोला दिसलं. २५ सप्टेंबर १९७८ ला तिथे उतरणाऱ्या बोइंग ७२७ च्या वैमानिकांना पुढे छोटं सेसना असल्याचं कंट्रोलरनं सांगितलं होतं. दिसल्याचं त्यांनी कळवलंही. मग ते नजरेतून निसटलं. मागे पडलं असावं, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात ते पुढेच होतं, नाकाखाली, घरांच्या गर्दीत मिसळून गेलेलं. १४४ मृत्यू झाले. धडकेच्या वाटेवरचं विमान काचेवर सरकत नाही, एका जागी ठिपक्यासारखं चिकटून राहतं. डोळा हलत्या वस्तूकडे वळतो, स्थिर ठिपका डागासारखा वाटतो. शेवटच्या काही सेकंदांत तो भसकन मोठा होतो, आणि तोवर वळायला वेळ उरलेला नसतो. यात वैमानिकाचा हलगर्जीपणा शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

१९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर ८२ जण मेल्यावर अमेरिकेनं मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारं टीकॅस हे यंत्र सक्तीचं केलं. आपल्याकडे त्यासाठी हरियाणातल्या चरखी दादरीवरची टक्कर घडावी लागली.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग ७४७ चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन ७६ उतरत होतं. सौदी विमानाला १४,००० फूट, कझाक विमानाला १५,००० फूट उंची ठरवून दिलेली. बरंचसं आकाश हवाई दलाकडे असल्यानं येण्याजाण्याचा मार्ग एकच होता. उंची दाखवणारं दुय्यम रडार दिल्लीत अजून वापरात नव्हतं; पडद्यावर नुसते ठिपके. वैमानिक सांगेल ती उंची खरी मानायची. कझाक विमानात कंट्रोलरशी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं होतं आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून पाहावं लागे. ते विमान १५,००० फुटांखाली उतरलं. ३४९ माणसं, एकही वाचलं नाही. हवेतल्या टकरींत याहून मोठा अपघात आजवर झालेला नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांनी चौकशी केली. त्यानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं.

२००२ मध्ये जर्मनीत उबरलिंगेनवर समोरासमोर आलेल्या दोन विमानांपैकी एकाला यंत्र म्हणालं वर जा, कंट्रोलर म्हणाला खाली या. त्याच्या वैमानिकांनी माणसाचं ऐकलं आणि ७१ जण गेले. तेव्हापासून यंत्राचा आदेश कंट्रोलरच्या वरचा.

मात्र जमिनीपासून सुमारे १,००० फुटांच्या खाली टीकॅस वर-खाली जाण्याचा आदेश देत नाही. म्हणजे विमानतळाच्या अगदी जवळ, जिथे सगळ्यात जास्त दाटी, तिथे पुन्हा डोळेच. पोटोमॅकवर हेलिकॉप्टरांना २०० फुटांपर्यंत उडायची मुभा होती आणि धावपट्टी ३३ कडे उतरणारं विमान त्यांच्या फक्त ७५ फूट वर येऊ शकत होतं, असं चौकशीत निघालं. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाभोवती विमान आणि हेलिकॉप्टर अतिशय जवळ आल्याच्या ८५ घटना नोंदींत होत्या. हेलिकॉप्टरांच्या मार्गाचा तो तुकडा मार्च २०२५ मध्ये बंद झाला.