कैरवानची मशीद: नाव उक्बाचं, खांब रोमनांचे, लाकूड भारतातलं

ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीला आजही उक्बाची मशीद म्हणतात, पण गंमत अशी की आज उभं आहे त्यात उक्बाचं जवळपास काहीच नाही. उक्बा इब्न नाफी हा उमय्यद खलिफांचा अरब सेनापती. त्याने इ.स. 670 मध्ये इथे फौजेचा तळ टाकला आणि तळासोबतच मशीद आखली. शहराचं नाव पण मूळ फारसी कारवानवरून आलंय, आपण कारवां म्हणतो तेच. जागा मुद्दाम किनाऱ्यापासून आत घेतली, कारण समुद्रावर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या आरमाराचा धाक होता. पुढे 683 मध्ये बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ लोकांचा सरदार कुसैला याच्याशी झालेल्या लढाईत उक्बा मारला गेला, काही वर्षं कैरवानही हातचं गेलं, आणि नंतर पाडा, बांधा, वाढवा असं दीडशे वर्षं चालूच राहिलं.

आत्ता दिसते ती मशीद मुख्यतः 836 ची, अघलबी अमीर पहिला झियादतुल्लाह याची. हे अघलबी नावाला बगदादच्या खलिफाचे सुभेदार, बाकी कारभार स्वतःचाच, आपल्याकडे निजामाचं दिल्लीशी होतं ना तसंच काहीसं.

खांब कोणी नव्याने घडवत बसलं नाही. कार्थेजसारख्या पडक्या रोमन शहरांतून उचलून आणले, शेकड्यांनी, त्यामुळे शेजारच्या दोन खांबांचे माथे सारखे असतीलच असं नाही, दगडाचा रंगही वेगवेगळा. ते मोजले तर डोळे जातात अशी जुनी समजूत आहे. मिनाराच्या पायथ्याशी तर चक्क लॅटिन अक्षरं कोरलेले दगड बसवलेत! हा मिनार म्हणजे तीन टप्प्यांचा चौकोनी बुरूज, साधारण 31 मीटर, आणि मोरोक्को-स्पेनपर्यंत पुढे जे चौकोनी मिनार झाले त्यांचा हा जुना भाऊबंद.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते अंगण. फरशीला उतार दिलाय, पावसाचं पाणी मधल्या संगमरवरी जाळीकडे येतं, तिथल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचांत गाळ बसतो आणि पाणी खालच्या टाक्यात जातं. पाणी शेंदायच्या विहिरीचे काठ जुन्या रोमन खांबांच्या बैठका पोखरून केलेत, आणि त्यावर दोर घासून घासून बोटभर खोल चरे पडलेत.

मालिकी फिक्ह, म्हणजे इस्लामी कायद्याची एक परंपरा, तिचा मोठा विद्वान सहनून इथलाच, नवव्या शतकात त्याच्याकडे शिकायला पार अंदालुसहून, म्हणजे मुस्लिम स्पेनहून लोक यायचे. 1988 पासून शहर युनेस्कोच्या यादीत आहे.

आणि आता लाकूड. मिंबर, म्हणजे इमाम ज्यावरून खुतबा (शुक्रवारचं प्रवचन) देतो ते, इथलं साधारण 862 चं आहे, जगात टिकलेलं सगळ्यात जुनं, नक्षीच्या तीनशेहून जास्त फळ्या, आणि सगळं सागवान. साग काय ट्युनिशियात उगवत नाही, तो भारतातून बगदादमार्गे गेलेला. जुने इतिहासकार सांगतात की अघलबी अमीर अबू इब्राहिमने हे लाकूड मागवलं होतं ऊद बनवायला, ऊद म्हणजे वीणेसारखं तंतुवाद्य, गाण्याबजावण्याच्या मैफिलीसाठी. मग त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याच लाकडाचं मिंबर करून घेतलं.