पै म्हणजे पैसा नव्हे

जळगाव-धुळ्याच्या बाजारांत ‘पै-पैचा हिशेब’ हा शब्दप्रयोग आजही कानी पडतो आणि त्यातील ‘पै’ हे ‘पैसा’ या शब्दाचेच आखूड रूप असल्याचे अनेक जण धरून चालतात. ही समजूत चुकीची आहे. ब्रिटिश अमदानीत रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत, म्हणजे रुपयाला १९२ पै पडत. म्हणूनच जुन्या हिशेबवह्यांत रुपये, आणे, पै असे तीन रकाने दिसतात आणि गंमत अशी की, पैशाला स्वतंत्र रकानाच नसतो. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० ‘नये पैसे’ झाले. चार आणे म्हणजे २५ पैसे हे समीकरणही तेव्हापासूनचे. त्यापूर्वी चार आण्यांचे पैसे १६च भरत.